उपनगरातून सह्याद्रीकडे : एका दिवसाच्या डोंगरसहलीचे नियोजन



मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला डोंगर फार दूर आहे असे वाटते. हा निव्वळ समज आहे. बोरिवलीच्या पूर्वेला आणि मुलुंडच्या पश्चिमेला जी हिरवी रांग सकाळ-संध्याकाळ दिसते, ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य महानगराच्या अगदी कुशीत उभे आहे. त्याच्या पोटात १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ साली पूर्ण झालेला तुळशी हे दोन तलाव आहेत आणि शंभराहून अधिक लेण्यांचा कान्हेरीचा समूह आहे. अंधेरी किंवा घाटकोपरच्या शाळेतील मुलांना डोंगराची पहिली ओळख करून द्यावयाची असेल, तर ती येथूनच व्हावी. सोमवारी उद्यान बंद असते आणि अरण्यात बिबट्यांचा वावर आहे, एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवून निघाले म्हणजे पुरे.

कान्हेरीला जाणाऱ्या बहुतेक सहली मूर्ती पाहतात आणि परततात. लेण्यांच्या तोंडाशी खोदलेली पाण्याची टाकी आणि वरच्या कातळावरून त्यांच्याकडे वळविलेल्या पन्हळी मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक डोंगरसहलीचा पहिला धडा त्यांतच आहे. पावसाळ्याचे चार महिने सरले की सह्याद्रीचा कातळ कोरडा पडतो आणि वर राहणाऱ्याला पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागतो, हे त्या भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. जुन्नर-कल्याण मार्गावरील नाणेघाटातही तीच टाकी आहेत. सातवाहनांच्या काळी त्या घाटाने व्यापारी तांडे चढत-उतरत. आज कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस. टी.ने वैशाखरे गावापुढे उतरून तीच वाट चढता येते.

उपनगरवासीयाला डोंगरापाशी नेऊन सोडण्याचे मोठे काम रेल्वेने केले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, तेव्हा ती पुढे कोठे जाणार याचे उत्तर सह्याद्रीच्या भिंतीत शोधावे लागणार होते. ते दोन ठिकाणी सापडले. भोर घाट १८६३ साली आणि थळ घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला. कल्याणला फुटणाऱ्या दोन मार्गांचे मूळ असे या दोन घाटांत आहे. एक मार्ग कसाऱ्याला, दुसरा कर्जत-खोपोलीला जातो. परिणामी साध्या लोकलच्या तिकिटात माणूस थेट डोंगराच्या पायथ्याशी उतरतो. आसनगावला माहुली, नेरळला माथेरान, कर्जतला कोंढाणे लेणी व राजमाचीची वाट, कसाऱ्याहून पुढे घोटीमार्गे बारी गावातून कळसूबाई. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर एका दिवसात होते खरे. परंतु पहिल्याच सहलीत ते गाठण्याची घाई करू नये.

घाटकोपर आणि मुलुंडच्या रहिवाशांना कल्याणचा मार्ग सरळ आहे. प्रत्येक जलद गाडी या दोन्ही स्थानकांवर थांबत नाही, म्हणून गाडी आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. अंधेरी-बोरिवलीकरांपुढे प्रश्न थोडा निराळा आहे. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पश्चिम उपनगरातील माणसाला मध्य रेल्वेकडे येण्याचा वळसा वाचला. परंतु मेट्रोची पहिली गाडी लोकलच्या पहिल्या गाडीइतकी लवकर सुटत नाही. ज्यांना अगदी पहाटे निघावयाचे आहे, त्यांनी दादरला गाडी बदलावी हेच बरे.

आता मुख्य मुद्दा. सहलीचे नियोजन करणारी मंडळी बहुधा सकाळपासून आरंभ करतात: किती वाजता भेटायचे, नाश्ता कोठे करायचा, कोणती गाडी पकडायची. वास्तविक नियोजनाला आरंभ संध्याकाळपासून करावा. सूर्यास्त किती वाजता आहे, त्याआधी किमान दोन तास गट पायथ्याच्या गावात उतरलेला असावा, हे प्रथम लिहून काढावे आणि मग मागे मागे यावे. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासातनंतर. दोन्ही ऋतूंत दिवसाच्या लांबीत पुष्कळ फरक पडतो आणि सहलीचे वेळापत्रक मात्र वर्षभर तेच ठेवले जाते. डोंगरात रात्र पडल्यामुळे वाट चुकलेल्या गटांच्या बातम्या दरवर्षी वाचावयास मिळतात. त्यांपैकी बहुतेकांची चूक डोंगरावर झालेली नसते. ती आदल्या दिवशी कागदावरच झालेली असते.

चढाईस किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधावा? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगितला. तो मेट्रिक मापांत मांडावयाचा तर असा: सपाटीच्या दर पाच किलोमीटरांना एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरांना आणखी एक तास. जगभरचे डोंगरयात्री आजही तेथूनच आरंभ करतात. हा हिशेब माहुलीला लावून पाहावा. माहुली हा सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा किल्ला. १६३६ साली निजामशाहीच्या अखेरच्या लढ्यात शहाजीराजांनी आश्रय घेतला तो हाच. पायथ्याच्या गावापासून चढ सातशे मीटरांहून अधिक आणि चाल सुमारे चार किलोमीटर. आडाख्याने दोन तास होतात. पण नेस्मिथचा आडाखा थंड हवेच्या मुलखातल्या सराईत माणसाचा आहे. कोकणातील दमट उष्मा, सुट्या दगडांची वाट, पन्नास मुलांची रांग आणि पहिल्याच चढावर बसकण मारणारे दोन-तीन जण यांना त्याच्यात जागा नाही. शाळेच्या गटासाठी दीडपट वेळ धरावी, म्हणजे तीन तास. उतरण्यास चढण्यापेक्षा कमी वेळ लागतो हा समजही मोठ्या गटाच्या बाबतीत सोडून द्यावा. गुडघे दुखतात ते उतरतानाच आणि पाय मुरगळतो तोही उतरतानाच.

यावरून दिवस असा बसतो. घाटकोपरहून पहाटे साडेपाचच्या सुमारास निघालेला गट सातच्या आसपास आसनगावला पोचतो. तेथून रिक्षाने माहुली गाव. साडेसात-आठला चढाई सुरू, अकरापर्यंत माथा. साडेबाराला, फार तर एकला, उतरावयास लागावे. गट तोवर माथ्यावर पोचला नसेल तरीही एक वाजता मागे फिरावे. ही ‘मागे फिरण्याची वेळ’ प्रमुखाने निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावी, कारण माथा समोर दिसू लागल्यावर ती ठरविणे कोणालाच जमत नाही. चारपर्यंत गट गावात असतो. यानंतर रविवारी एक निराळीच अडचण उभी राहते, ती मेगाब्लॉकची. रुळांच्या देखभालीसाठी रविवारी दिवसाचे काही तास उपनगरी गाड्यांचे वेळापत्रक बदलते आणि दमलेल्या मुलांना गच्च भरलेल्या गाडीत चढविण्याची पाळी शिक्षकांवर येते. शाळांनी शक्यतो कामाचा दिवस निवडावा. डोंगरावरची गर्दीही त्यामुळे टळते.

गर्दीचा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. मळवली स्थानकाजवळचा लोहगड हा उपनगरी कुटुंबांचा आवडता किल्ला. रुंद पायऱ्या, एकापाठोपाठ चार दरवाजे, पायथ्याशी भाजे लेणी आणि माथ्यावरून विंचूकाट्याचे दृश्य. २०२३ च्या जुलैमध्ये एका रविवारी तेथे इतके लोक चढले की दरवाजांच्या अरुंद वळणांत शेकडो माणसे तासन्‌तास अडकून पडली. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत लोहगड आहे. या मानाबरोबर माणसेही वाढणार. शत्रूला एकदम आत शिरता येऊ नये यासाठी जे दरवाजे बांधले गेले, तेथून हजारो माणसे एकाच वेळी वर आणि खाली सोडणे हे मुळातच त्या बांधणीच्या विरुद्ध आहे.

पावसाळी सहलीविषयी थोडे विस्ताराने बोलणे अगत्याचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री घडला. काळा कातळ पाणी फारसे शोषून घेत नाही आणि कोकणाकडील बाजू तर भिंतीसारखी तुटलेली. वर पडलेला पाऊस मिनिटांतच ओढ्याला मिळतो. ओढ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर थेंबही नसताना वरच्या पठारावर जोराची सर येऊन गेलेली असू शकते. पाणी गढूळ होणे, पाण्यात पाने-काटक्या वाहून येणे आणि आवाज वाढणे या तीन खुणा दिसताच काठ सोडावा. फोटो पुरा होण्याची वाट पाहू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी भोवताली वाढत होते. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा बळी गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते.

उपनगरातील माणसाला पावसाच्या जोराची कल्पना नाही असे म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तो दिवस अंधेरी-घाटकोपरची पिढी विसरलेली नाही. तरीही घरातून निघाल्यावर तीच माणसे पावसाला खेळणे समजू लागतात. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिलेल्या दिवशी सहल पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. आगाऊ भरलेल्या बसभाड्याचा विचार अशा वेळी अजिबात मनात आणू नये. अनेकदा नेमका तोच विचार गटाला घराबाहेर काढतो.

पावसाळा सोडून इतर ऋतूही निर्धोक नाहीत. ऑक्टोबरचे ऊन कित्येकदा मे महिन्यापेक्षा फसवे असते, कारण भोवताली हिरवे दिसते आणि माणूस पाणी कमी नेतो. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावे, ते प्रत्येकाने स्वतः वाहून न्यावे. पनवेलपुढे मुंबई-गोवा महामार्गालगत १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. राज्यातील हे पहिले पक्षी अभयारण्य शालेय सहलीस उत्तम. परंतु त्यावरील अंगठ्यासारख्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी वर्ज्य होत. सापाविषयीही एवढेच: कोकणात फुरसे पुष्कळ, दगडाखाली हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे सारे प्रकार टाळून, दंश झालेला भाग हलू न देता, माणसाला रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस तेथे मिळते. माहुलीला जाणाऱ्याने शहापूरचे आणि राजमाचीच्या वाटेने जाणाऱ्याने कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवेत. डोंगराच्या अनेक घळींत मोबाइल लागत नाही, म्हणून शिटी हे स्वस्त साधन प्रत्येकाच्या गळ्यात असावे.

ज्या कुटुंबांत वृद्ध माणसे आहेत त्यांना माथेरान सोयीचे. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते पाहिले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने घातलेली नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ साली सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, ही गोष्ट न पाहताच कित्येक कुटुंबे नेरळला येऊन उभी राहतात. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव आहे. त्या एका नियमामुळे माथेरानची माती अजून लाल दिसते आणि मुले रस्त्याच्या मधून चालू शकतात.

पायथ्याच्या गावाचा विचार नियोजनात शेवटी येतो, बहुधा येतच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. वाडीला मोटाररस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात चिखलाची पायवाट चढून जावे लागले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. मुंबईच्या अनेक डोंगरयात्रींना ही वाडी ठाऊक होती, कारण इर्शाळगडाची वाट तिच्या अंगणातून जात असे. तेथे त्यांनी पाणी मागितले होते, पिठले-भाकरी खाल्ली होती. दर आठवड्याला शहरातील शिकलेली माणसे ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर जमिनीला पडलेली भेग, झाडांचे कललेले बुंधे, एकाएकी गढूळ झालेला झरा अशा गोष्टी कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडू शकतात. गावकऱ्यांना त्या आधी दिसतात. परंतु त्यांचे म्हणणे तहसील कचेरीपर्यंत पोचविण्यास मदत करणारा एखादा शिक्षक, एखादा अधिकारी सहलीच्या गटात असू शकतो. डोंगरावर जाणाऱ्याने याहून उपयोगी काही क्वचितच करता येईल.

ग्रामपंचायतींपुढील प्रश्न निराळा आहे. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आलेल्या पाहुण्यांवर पायथ्याच्या अनेक घरांचे वर्षाचे रोख उत्पन्न अवलंबून असते. नेमक्या त्याच काळात अपघात होतात आणि अपघातानंतर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. प्रशासनाची अडचण समजण्यासारखी आहे; प्रत्येक धबधब्यावर पोलीस उभा करणे शक्य नाही. तथापि सरसकट बंदीने गर्दी थांबत नाही, ती आडवाटेने जाते, आणि नुकसान होते ते वाटाड्याचे व भाकरी थापणाऱ्या बाईचे. त्यापेक्षा गावाच्या वेशीवर मोजणी हा मार्ग अधिक चांगला. काही किल्ल्यांच्या पायथ्याशी संयुक्त वन व्यवस्थापन समित्या प्रवेशशुल्क घेऊन नोंद ठेवतात. या नोंदीत गटाचा आकार, प्रमुखाचे नाव, परतीची वेळ एवढे लिहिले गेले आणि ठरावीक संख्येनंतर फाटक बंद झाले, तर उत्पन्नही राहते आणि कोण वर आहे हेही कळते. शुल्काची पावती द्यावी, जमा रकमेचा हिशेब ग्रामसभेत वाचावा. या दोन गोष्टी जेथे होत नाहीत, तेथे तंटे होतात. कचऱ्याबाबत २०१८ च्या मार्चपासून राज्यात प्लॅस्टिकवर निर्बंध आहेतच. परंतु पाण्याच्या बाटल्या मोजून अनामत घेणे आणि उतरताना त्या दाखविल्यावर अनामत परत करणे हा उपाय कोणत्याही ग्रामपंचायतीला उद्यापासून करता येण्याजोगा आहे.

शिक्षकांसाठी काही शब्द. मुलांना नेण्यापूर्वी किमान दोन शिक्षकांनी तीच वाट, शक्यतो त्याच ऋतूत, एकदा चालून पाहावी. इतरांच्या वर्णनावर किंवा मोबाइलवरील नकाशावर विसंबून राहू नये. कोरड्या ओढ्याची वाट आणि माणसाची वाट यांतील फरक नकाशाला कळत नाही. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याचा मेहनताना आधी ठरवून पुरा द्यावा. एक शिक्षक पुढे, एक सर्वांत मागे. मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाने ठरवावा. त्याला पुढच्या शिक्षकाच्या लगोलग मागे ठेवले की गट आपोआप एकत्र राहतो. ज्यांना या कामाचे रीतसर शिक्षण हवे, त्यांच्यासाठी मुंबईत १९५४ पासून काम करणारी गिरिविहार आणि मुलुंडची चक्रम हायकर्स यांच्यासारख्या संस्था आहेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक कागद दोन प्रतींत लिहावा. त्यावर मुलांची नावे, रक्तगट, पालकांचे दूरध्वनी, जाण्याची वाट, मागे फिरण्याची वेळ आणि पायथ्याशी परतण्याची वेळ असावी. एक प्रत शाळेत राहते, दुसरी पायथ्याच्या गावातील वाटाड्याच्या घरी किंवा फाटकावर द्यावयाची. सायंकाळी उतरल्यावर त्या घरी जाऊन सर्व मुले मोजून दाखवावीत, तो कागद परत घ्यावा आणि मगच आसनगावची रिक्षा बोलवावी.